रात्रीला काय करायचं?

संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवलीकडे येणाऱ्या गाडीच्या बायकांच्या डब्यात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? ‘रात्रीला काय करणार?’ उत्तर येईपर्यंत मांडीवरच्या पिशवीत मेथी निवडून होते, मटार सोलून होतात. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून आपल्या भागातलं रात्रीचं जेवण गाडीच्या वेळेवर ठरतं म्हणा ना!

मीही नोकरीची सगळी वर्षं ठाण्याला जाऊन-येऊन काढली. घरी पोचायला साडेसात. सासूबाईंचा नियम असा, की रात्रीही पानात पोळी, भाजी, वरण, भात हवंच. भाजीला वेळ लागत नाही हो, वेळ खातात त्या पोळ्या. कणीक भिजवा, वीस पोळ्या लाटा, शेगडीपाशी उभ्या रहा. एकदा पोळीभाजी केंद्रातून पोळ्या आणल्या, तर सासूबाई दूध-भात खाऊन उठल्या. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग आला २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, दुपारीच गाड्या थांबल्या. ती रात्र मी कचेरीतच काढली. दुसऱ्या दिवशी थोडी चालत, थोडी टेम्पोतून अशी घरी पोचले तेव्हा पाय सुजले होते. घरात भाजीची काडी नव्हती. सासूबाईंनी पुढ्यात एक वाडगा ठेवला. वरणफळं! कुणी यांना चकोल्या म्हणतात. आमच्या गुजराती शेजारीण डाळढोकळी करतात, ती यांचीच बहीण. ‘अहो, पोळ्या?’ मी विचारलं. ‘यातच आहेत की,’ त्या म्हणाल्या. त्यानंतर आठवड्यातून दोनदा आमच्याकडे वाडग्यातलं जेवण सुरू झालं.

ती कशी करायची ते सांगते. चौघांना एक वाटी तूरडाळ. सकाळी निघताना भिजत घालायची, पण उन्हाळ्यात फ्रिजमध्येच. बाहेर ठेवाल तर संध्याकाळपर्यंत आंबेल. कुकरात वाफ कोंडल्यामुळे पाणी शंभरऐवजी साधारण १२० अंशांना उकळतं, म्हणून भिजलेली डाळ तीन शिट्ट्यांत मऊ होते. मात्र चिंच किंवा आमसूल कुकरात घालू नका. डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही, मग कितीही शिट्ट्या द्या, डाळ बोटचेपीच राहते. आंबट घालायचं ते फोडणीनंतर.

डाळ शिजेपर्यंत दोन वाट्या कणकेत मीठ, हळद, तिखट, चमचाभर तेल घालून घट्ट भिजवा. मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत घोटलेली डाळ, पाच वाट्या पाणी, आमसूल, गूळ, गोडा मसाला घाला. आमटी पातळच दिसायला हवी, कारण कणीक पुढे ती दाट करते. मोठी पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा. आमटी खळखळ उकळत असताना एकेक करून सोडा. एकदम ओताल तर गोळा होईल. दहा-बारा मिनिटांत फळं शिजतात. वरून तूप. गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. त्यामुळे हा वाडगा म्हणजे पुरं जेवण आहे. नुसतं पोट भरण्याची सोय नव्हे.

कणीक भिजवायचाही कंटाळा असेल त्या दिवशी पिठलं-भात. वाटीभर बेसनाला तीन वाट्या पाणी, आणि बेसन आधी गार पाण्यातच कालवायचं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात पडलं, की गुठळीचं बाहेरचं आवरण लगेच शिजतं आणि आत पीठ कोरडंच राहतं. झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ द्या. कच्चट वास गेला, की उतरवा. लसूण मात्र सढळ हाताने घाला, इथे काटकसर नको.

आता सासूबाई नाहीत. मुलगा आणि सून, दोघंही गाडीने येतात. जो आधी पोचतो तो कुकर लावतो. मुलाची फळं अजून जाड होतात. उरलेली वरणफळं सकाळी घट्ट झालेली असतात. त्यात गरम पाणी घालून एक उकळी आणायची, आणि डबा भरायचा.