ताटाखालच्या मॅटमध्ये काय भराल?

घरची शिवण : भाग ६

मागच्या आठवड्यात वरच्या कापडाबद्दल लिहिलं होतं. खण, इरकल, हातमागाचा सुती तुकडा, जे आवडेल ते घ्या. आतल्या थराबाबत मात्र एवढी मोकळीक देता येणार नाही. मॅट वर्षानुवर्षं चालेल की दुसऱ्या धुण्यातच वाया जाईल, हे तिथेच ठरतं.

ठाणे स्टेशनजवळच्या बाजारपेठेत किंवा डोंबिवलीत शिवणसामानाच्या दुकानात ‘मॅटमध्ये घालायला काहीतरी द्या’ म्हटलं, की बहुधा पांढरं फुगीर पॉलिएस्टर वॅडिंग समोर येतं, नाहीतर बॅगा शिवायला लागतो तो पातळ फोम. दोन्ही हलके, स्वस्त आणि मशीनखालून सहज जाणारे. पर्सला किंवा रजईला ते उत्तम, पण जेवणाच्या टेबलावर मला ते पटत नाहीत. पॉलिएस्टर साधारण २५० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडून दबतं. गॅसवरून थेट उतरवलेल्या कढईचं बूड या तापमानाच्या जवळ सहज पोहोचतं. सुती कापडासाठीची कडक इस्त्री फिरवली तरी फुगीरपणा जातो. शिवाय जाड वॅडिंगवर ताकाचा पेला नीट उभा राहत नाही. विकत घेण्याआधी दुकानातच त्या तुकड्यावर पाण्याचा ग्लास ठेवून पाहा. कलंडला तर मॅटवरही कलंडेल.

गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूसही नको. रजई आपण पाण्यात बुडवत नाही, मॅटवर तर आमटी सांडतेच. दोन धुण्यांत त्या कापसाच्या गुठळ्या होऊन कोपऱ्यात जमतात.

याचं उत्तर आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बायकांनी कधीच शोधून ठेवलंय. त्यांनी भरायला वेगळं काही विकत आणलं नाही. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि जवळजवळ ओळींत धावदोरा घालायचा. अनेकदा धुतलेलं सुती कापड आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं, आणि थरांमध्ये अडकलेली हवा उष्णता अडवते. मॅटला यापेक्षा वेगळं काय हवं?

म्हणून माझी पहिली पसंती जुन्या सुती टॉवेलला. ३० बाय ६० इंचांच्या टॉवेलचे काठ कापून टाकले तरी १४ बाय १८ इंचांचे सहा तुकडे निघतात, म्हणजे सहा माणसांचा संच. टॉवेल जाड असेल तर एक थर पुरे. झिजून पातळ झाला असेल तर त्याला जुन्या सुती साडीचा एक थर जोडा. टॉवेल नसेल तर सुती फ्लॅनेल घ्या, पण नवं असेल तर कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून वाळवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. वरचं कापड तेवढं आटलं नाही, तर मॅट कडेला सुरकुतते.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी घरी खात्री करा. एक धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राखाडी राख चुरगळते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो.

आपल्या हवेचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर कल्याण-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये, बाल्कनीच्या ग्रिलवर टाकलेला जाड टॉवेलसुद्धा दोन दिवस दमट राहतो. तीन-चार थर भरलेली मॅट आतून ओली राहून कुबट वास मारते. दोन थरांवर जाऊ नका. हळदीचे डाग कडक उन्हात बरेचसे उडतात, तेव्हा पावसाळ्यासाठी गडद रंगाचा संच वेगळा शिवलेला बरा.

थर जागेवर राहावेत म्हणून दोन-दोन इंचांवर टीप मारा, हाताने शिवत असाल तर त्याहून जवळ. आणि गॅसवरून उतरवलेला कुकर या मॅटवर ठेवू नका. त्यासाठी लाकडी किंवा लोखंडी स्टँडच हवा.

पुढच्या आठवड्यात कडेला गोट लावायचा आहे. तोपर्यंत कपाटातले जुने टॉवेल काढून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून ठेवा.