टायर घेताना किनार वाचावी

ताग्याची किनार पाहून मालाची जात ओळखणारे व्यापारी आमच्या पर्वत पाटिया परिसरात पावलोपावली भेटतील, परंतु हेच चाणाक्ष गृहस्थ मोटारीचे टायर घ्यावयास गेले म्हणजे दुकानदारास एवढेच विचारतात, "चारांचे किती?" व्यापारात मुरलेल्या माणसांनी नेमके येथेच इतके भोळे का व्हावे, हे आम्हांस कोडे आहे. तरुण पिढीच्या हौसेने आता दारी स्पोर्ट्‌स मोटारी येऊ लागल्या आहेत, आणि अशा गाडीच्या बाबतीत हा भोळेपणा जिवावर बेतू शकतो.

अशीच एक गाडी आमच्या पाहण्यात आली. चिरंजिवांची हौस, रविवारी एक फेरी, एरवी आठवडाभर आच्छादनाखाली. सहकुटुंब मुंबईस जावयाचे ठरले तेव्हा टायरचा विषय निघाला. वडील म्हणाले, "नक्षी कोरी करकरीत आहे, मग खर्च कशासाठी?" नक्षी खरोखरच शाबूत होती. परंतु टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डी.ओ.टी. या अक्षरांच्या ओळीअखेर, १४१७ हा आकडा होता. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. रबर कडक झाले होते आणि नख फिरविले असता बारीक चिरा हाताला लागत होत्या. गुदामात पडून राहिलेल्या साडीची जर कशी काळवंडते, हे सुरतेच्या व्यापाऱ्यास काय सांगावे! रोज धावणाऱ्या मोटारीचा टायर झिजून संपतो, हौसेच्या मोटारीचा बहुधा वयाने संपतो. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांपुढे, नक्षी कशीही असो, टायर ठेवू नये, असा टायर-कारखानदारांचाच सल्ला आहे. चिरांना तर तेवढीही मुदत देऊ नये. तो आकडा वडिलांनी स्वतः वाचला आणि मुंबईचा प्रवास आठ दिवस पुढे गेला.

नवा म्हणून मिळणारा मालही तारीख पाहूनच घ्यावा. जून २०२० मध्ये सरकारने मोटारीच्या नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. स्पोर्ट्‌स मोटारीची अनवट मापे दुकानात सहसा तयार नसतात. तेव्हा कोठेतरी पडून राहिलेली जोडी पुढे येण्याचा संभव असतो. मागणी नोंदवितानाच तारखेची अट घालावी, आय.एस.आय. चिन्ह पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मालावरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा बिनबिलाच्या मोहास आता निमित्तही थोडेच उरले.

मापाची भाषा अवघड नाही. २२५/४५ आर १७ ९१ डब्ल्यू असे छापले असेल, तर रुंदी २२५ मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ४५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १७ इंची. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोंचा भार. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतची क्षमता. "इतक्या वेगाने येथे कोण जाणार?" असे म्हणून खालच्या अक्षराचा स्वस्त टायर घेऊ नये. ते अक्षर वेगात निर्माण होणारी उष्णता सोसण्याचेही माप आहे, आणि आमच्याकडील वैशाखातला डांबरी रस्ता कोणास ठाऊक नाही? आत पोलादी तारांचे पट्टे असतात आणि सांगाडा पुष्कळदा पॉलिएस्टर दोऱ्याचा, म्हणजे आमच्याच बाजारातल्या धाग्याच्या भाऊबंदांचा, असतो. हवा कमी राहिली की हा सांगाडा तापतो. नायट्रोजन भरण्याचे स्तोम मात्र आम्हांस पटत नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. दर पंधरवड्यास थंड टायरची हवा तपासणे अधिक लाभाचे.

शोभेसाठी मोठी रिम आणि पातळ भिंत घेणाऱ्यांनी पर्वत पाटियाहून कडोदऱ्याच्या बाजूस पावसाळ्यात एक फेरी मारून पाहावी. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, आणि पातळ भिंतीवर आदळलेली रिम वाकते. खाडीचे पाणी चढले म्हणजे आमच्या भागाचे काय होते, हे वाचकांस विदितच आहे. येथे वेगाहून ओल्या रस्त्यावरची पकड मोलाची. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटर पुरते, परंतु पाणी बाजूस सारण्याची शक्ती त्याआधीच मंदावते. ३ मिलिमीटरवर बदल करावा, असे आमचे मत आहे. शर्यतीच्या मैदानासाठी केलेले, अल्प नक्षीचे टायर येथे घेऊच नयेत.

एकाच आसावर दोन निराळ्या जातींचे टायर बसवू नयेत. चारही बाजूंचे माप एक असेल आणि दोनच नवे घ्यावयाचे असतील, तर ते मागे बसवावेत. दुकानदार पुष्कळदा पुढे बसवू पाहतो. परंतु ओल्यात मागची चाके सरकली की गाडी गिरकी घेते आणि ती सावरणे नवशिक्यास जमत नाही. काही गाड्यांत मागचे माप पुढच्याहून रुंद असते. तेथे अदलाबदलीचा प्रश्नच उद्भवत नाही.

बसविल्यावर चाकांचा तोल आणि रोख साधून घ्यावा, आणि पहिले दीड-दोनशे किलोमीटर सबुरीने चालवावे. नव्या रबराचा गुळगुळीतपणा तोवर जात नाही. अशा पुष्कळ गाड्यांत जादा चाक नसते, छिद्र बुजविण्याच्या द्रवाची बाटली आणि लहान पंप तेवढा असतो. ती बाटलीही एकदा उलटून पाहावी. तिच्यावर मुदत छापलेली असते.