मूळ संख्यांची हाक

माणगांवांत अंकगणित शिकवितांना फळ्यापेक्षां चिंचोकेच मला अधिक उपयोगी पडत. बारा दिले कीं मुलें तीन-तीनच्या चार ओळी मांडीत; तेरा दिले कीं घोटाळा होई. एक तर कांहीं शिल्लक राही, नाहीं तर सगळे एकाच रांगेंत बसत. दोन, तीन, पांच, सात, अकरा, तेरा या अशा हटवादी संख्या. गणितांत त्यांना मूळ संख्या म्हणतात.

विज्ञानकथाकारांना त्यांची ओढ कां वाटावी? कार्ल सेगन यांच्या ‘कॉन्टॅक्ट’ या १९८५ सालच्या कादंबरींत अभिजित् ताऱ्याच्या दिशेनें रेडिओ-संदेश येतो, तो मूळ संख्यांच्या ठोक्यांचा. नुसता नियमित ठोका पुरला नसता. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल यांना तसे ठोके ऐकूं आले. परग्रहवासीयांची थट्टाही झाली. निघाले मात्र गरगर फिरणारे मृत तारे. आपल्या नारायणगांवाजवळ खोडद येथील तीस तबकड्यांची दुर्बीण अशा ताऱ्यांचा वेध घेते. निसर्ग ठेका धरतो. मूळ संख्या ओळीनें मोजीत बसत नाहीं. अमेरिकेंतील कांहीं किडे तेरा वा सतरा वर्षांनीं भूमीबाहेर येतात खरे, पण त्यांचीही मजल एका संख्येपुरतीच.

शिवाय दशमान पद्धति आपल्या दहा बोटांची. आठ बोटांचा प्राणी तेरा ही संख्या ‘१५’ अशी लिहील. तितके चिंचोके मात्र त्याच्याही हातून आयतांत बसणार नाहींत. कथेंतील ही युक्ति मला पटते ती याचसाठीं. वाचकाला ती स्वतः मोजून पाहतां येते. जेथें लेखक नुसते आंकडे शोभेला टांगतो, तेथें मंत्रतंत्र आणि विज्ञान यांत फरक उरत नाहीं.

१९७४ सालीं जयंत नारळीकरांनीं आद्याक्षरें उलटीं करून, नारायण विनायक जगताप या नांवानें, ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस धाडली व ती पहिली आली. त्याच वर्षीं, १६ नोव्हेंबरला, पोर्तो रिकोंतील अरेसिबो दुर्बिणीनें शौरी तारकासमूहांतील एका तारकागुच्छाकडे १,६७९ खुणांचा संदेश सोडला. तेवीस आणि त्र्याहत्तर या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार. म्हणून त्या खुणांचा आयत दोनच प्रकारें मांडतां येतो. एका प्रकारें गोंधळ, दुसऱ्या प्रकारें चित्र, त्यांत मनुष्याकृतिही. दुर्बीण २०२० सालीं कोसळली. संदेश अद्याप वाटेंत आहे, आणि वाट सुमारें पंचवीस हजार प्रकाशवर्षांची.

हें सांगितलें तेव्हां वर्गांतील एका मुलानें विचारलें, “गुरुजी, त्यांनीं उलटें मांडलें तर?”

त्याच्या शेजारच्या मुलीनें चिंचोके गोळा करीत उत्तर दिलें, “मग पुन्हां मांडतील.”