विश्लेषण : अल्पवयीन मुलांसाठी डीजे-नाचाचा कार्यक्रम, परवानगी कोणाची, जबाबदारी कोणाची?

दहावी-बारावीचे पेपर संपले, की गावोगावच्या मुलांच्या मोबाइलवर एकच विषय सुरू होतो : डीजे लावून मस्त कार्यक्रम करू. पुण्या-मुंबईत अशा कार्यक्रमांचा धंदा झाला आहे. तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या गावात मात्र तो अजून कोणीतरी उत्साही तरुण, एखादा क्लासचालक नाही तर मंडळाचे कार्यकर्ते हौसेने उभा करतात. मंगल कार्यालय ठरते, साऊंडवाला ठरतो, शंभर-दोनशे रुपयांचा पास छापला जातो. नाचणारे सगळे अठरा वर्षांखालचे असतील, तर आयोजकाच्या डोक्यावर कायद्याचे आणि माणुसकीचे नेमके किती ओझे येते, याचा विचार बहुतेक वेळा पास विकून झाल्यावर होतो.

मुळात अशा कार्यक्रमाची गरज काय?

वऱ्हाडातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नाचायची जागा कोणती? लग्नाची वरात, गणपती-दुर्गादेवीचे विसर्जन, श्रावणात अकोल्याच्या राजराजेश्वराला गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी नेणारी कावड, आणि वर्षातून एकदा शाळेचे स्नेहसंमेलन. यातली स्नेहसंमेलन वगळता एकही जागा मुलांची नाही. तिथे मोठी माणसे असतात, त्यातली काही प्यालेली असतात, रस्ता वाहता असतो आणि भोंग्यांची भिंत कानापासून हातभर अंतरावर असते. मुली तर बहुधा कडेला उभ्या राहून पाहतात.

पूर्वी मुलींची हक्काची गाण्याची संध्याकाळ होती ती भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी फेर, टिपऱ्या, गाणी आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. मुलांसाठी, मुलांच्या वेळेत, शेजारच्या काकूंच्या नजरेखाली आणि दिवेलागणीनंतर तास-दोन तासांत संपणारा असा हा कार्यक्रम. आज डीजेच्या कार्यक्रमाला ज्या अटी घालाव्या लागतात, त्यातल्या बहुतेक भुलाबाईत न सांगता पाळल्या जात. ती बहुतेक गावांतून मागे पडली. तिची जागा रिकामीच राहिली. त्यामुळे ‘पोरांना कशाला हवा डीजे’ असे म्हणून विषय संपत नाही. बंद दाराआड, कोणाच्या तरी शेतातल्या गोठ्यावर होणाऱ्या पार्टीपेक्षा उघड्यावर, परवानगीने झालेला कार्यक्रम केव्हाही बरा.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९७६ मध्ये पोलिसांनीच हा मार्ग निवडला. मेलबर्नजवळच्या मूरुलबार्क येथे पोलिसांनी अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी दारू-सिगारेटविरहित डिस्को भरवला. दारावर पोलीस, आत संगीत आणि ठरलेल्या वेळी पालक घ्यायला हजर. ‘ब्लू लाइट डिस्को’ या नावाने ही कल्पना पुढे त्या देशभर आणि न्यूझीलंडमध्येही पसरली.

परवानग्या कोणत्या?

शाळेच्या आवारात, शाळेचाच कार्यक्रम असेल तर मामला तुलनेने सोपा असतो. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावले, की तो सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम ठरतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली अशा कार्यक्रमांचे नियम करण्याचा अधिकार आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांना, तर अकोल्यासारख्या जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे. म्हणजे हिवरखेडच्या पोलीस ठाण्यात तोंडी कानावर घातले एवढ्याने भागत नाही. लेखी अर्ज, जागामालकाची संमती आणि ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी लागते. मोकळ्या मैदानात मांडव घालायचा तर स्थानिक संस्थेचे ना-हरकत पत्रही हवे. त्या काळात जमावबंदीचा आदेश लागू नाही ना, हेही ठाण्यातच विचारून घ्यावे.

गाण्यांच्या हक्काचा मुद्दा बहुतेकांच्या गावीही नसतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार शाळेच्या उपक्रमात ध्वनिमुद्रित गाणे वाजवले आणि श्रोते विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशी संबंधित एवढेच असतील, तर परवाना लागत नाही. लग्नाच्या वरातीलाही सूट आहे. पण मंगल कार्यालयात पास विकून तीच गाणी लावली तर ही सूट मिळत नाही. हक्कधारक संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. वस्तू व सेवा कराचे मात्र फारसे भय नाही. नृत्य-संगीताच्या कार्यक्रमाचे प्रवेशमूल्य माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर ते करमुक्त आहे.

आवाज किती आणि किती वाजेपर्यंत?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, पण ते दिवस गणपती, नवरात्र अशा सणांत संपतात. कोणाच्या डीजे-नाइटसाठी ते नसतात. चारही बाजूंनी बंद सभागृहाला रात्रीच्या बंदीतून सूट आहे. पत्र्याचे छत आणि उघड्या बाजू असलेले मंगल कार्यालय त्यात बसेल, अशी आशा धरू नये. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

हे झाले शेजाऱ्यांच्या झोपेचे. नाचणाऱ्या मुलांच्या कानांचा हिशेब वेगळाच आहे. कामगारांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मापानुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहणे ही सुरक्षिततेची सीमा. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटे. आणि हे माप प्रौढ कामगाराचे आहे, चौदा वर्षांच्या मुलीचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी जे मानक जाहीर केले, त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा वर जाऊ नये, आवाज सतत मोजला जावा, कानात घालायचे बोळे उपलब्ध असावेत आणि कानांना विश्रांती मिळेल अशी शांत जागा असावी, असे म्हटले आहे.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. भोंग्यापासून दोन मीटरवर १०० असेल तर चार मीटरवर ९४ आणि आठ मीटरवर ८८. म्हणून सर्वात स्वस्त उपाय म्हणजे भोंग्यांपुढे तीन-चार मीटरवर बांबूचे कुंपण. साऊंडवाल्याला हे आवडत नाही. त्याच्या दृष्टीने छाती हादरली नाही तर पैसे वाया. पण करारात आवाजाची मर्यादा आधीच लिहून घेतली तर वाद होत नाही. लेझर दिव्यांना सरळ नकार द्यावा. विसर्जन मिरवणुकांत डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारींनंतर पुणे-कोल्हापूरकडे प्रशासनाला त्यावर बंदीचे आदेश काढावे लागले होते.

जीव कशाने जातात?

अल्पवयीनांच्या नाचाच्या कार्यक्रमांत जगभर झालेल्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या, तर संगीताने कोणी मेलेले नाही. माणसे मेली ती दारात आणि जिन्यात.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे २९ ऑक्टोबर १९९८ च्या रात्री मुलांनीच भाड्याने घेतलेल्या वरच्या मजल्यावरील सभागृहात नाच रंगला होता. परवानगी १५० जणांची, आत सुमारे ४०० जण. आपत्कालीन जिन्यात खुर्च्या-टेबले रचून ठेवली होती. कोणीतरी तिथेच आग लावली. बाहेर पडायला एकच वाट उरली. ६३ जण मेले, बहुतेक सगळे किशोरवयीन. इटलीतल्या कोरिनाल्डो येथे डिसेंबर २०१८ मध्ये एका रॅप गायकाची वाट पाहणाऱ्या गर्दीत चोरट्यांनी मिरपूड-फवारा मारला. आपत्कालीन दाराने बाहेर धावलेल्या लोंढ्याने उतरणीचा कठडा कोसळला. पाच अल्पवयीन मुले आणि मुलीला सोबत म्हणून आलेली एक आई गेली. दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडन शहरात २६ जून २०२२ रोजी एका गुत्त्यात २१ मुले मृतावस्थेत सापडली. सर्वात लहान तेरा वर्षांचे. निमित्त काय, तर परीक्षा संपल्याचा आनंद.

आपल्याकडचे उदाहरण कोचीचे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीन विद्यापीठाच्या महोत्सवात गायिकेच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरचा जमाव आडोशासाठी एकाच दारातून आत घुसला आणि उताराच्या पायऱ्यांवर चेंगरून चार जण दगावले. अवकाळी पाऊस वऱ्हाडाला नवा नाही. मार्च-एप्रिलमधला कार्यक्रम उघड्यावर ठेवणाऱ्याने, पाऊस आला तर ही तीनशे पोरे कुठे धावतील, याचे उत्तर आधीच काढून ठेवायला हवे.

हिशेब अवघड नाही. ४० बाय ६० फुटांचे सभागृह म्हणजे सुमारे २२० चौरस मीटर. स्टेज, भोंगे, खाण्याची टेबले आणि मोकळ्या ठेवायच्या वाटा वजा जाता दीडशे चौरस मीटर उरतात. नाचायला माणशी एक मीटर धरले तर दीडशे मुले. दाटीवाटीने तीनशे. चौरस मीटरला चारपेक्षा जास्त माणसे झाली की गर्दी स्वतःच्या मर्जीने हलायची थांबते. म्हणून पास किती छापायचे हे खर्चावरून नव्हे, जागेवरून ठरते, आणि आयोजकाचे गणित नेमके इथेच बिघडते. दोन दारे उघडी, कुलूप कोणत्याही दाराला नाही, जनरेटर मांडवाबाहेर, वायरी पायाखाली नाहीत, दोन-चार अग्निशामक नळकांडी आणि ती चालवता येणारा माणूस हजर : ही तयारी गावातही शक्य आहे.

दारू नाही म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१, इतर मद्यासाठी २५. बालन्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७७ सांगते, की मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. खर्ऱ्याची पुडीही यात येते, हे वऱ्हाडात मुद्दाम सांगावे लागते. १९ मे २०२४ रोजी पुण्यातल्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले, तेव्हा त्या रात्री त्याला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारचे मालक आणि व्यवस्थापकही अटकेत गेले.

दारू बहुतेकदा आयोजक देत नाही. ती बाटलीबंद शीतपेयात मिसळून येते किंवा बाहेर उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या डिक्कीत असते. म्हणून बाहेरची बाटली आत नाही, पिण्याचे पाणी आत फुकट आणि एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश नाही, हे तीन नियम दारावर लावले की निम्मे प्रश्न मिटतात. पाण्याची बाटली विकून नफा काढायचा मोह टाळावा; मार्चच्या उकाड्यात दोन तास नाचलेले मूल चक्कर येऊन पडते ते पाण्यावाचून. मुलींच्या तपासणीला महिला हवीच. अठरा वर्षांवरचे ‘दादा’ लोक आत सोडायचे नाहीत, हा नियम पाळणे सर्वात कठीण जाते, कारण मंडळाला वर्गणी त्यांनीच दिलेली असते.

छेडछाडीचा प्रकार घडला तर आपापसात मिटवण्याची गावची सवय इथे थेट गुन्हा ठरू शकते. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. १०९८ ही बालमदत आणि १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा. दोन्ही क्रमांक पासच्या मागे छापायला खर्च येत नाही. रील आणि फोटोंसाठीही पालकांची लेखी संमती घेतलेली बरी.

‘जबाबदारी स्वतःची’ लिहून घेतले तर?

काही उपयोग नाही. करार कायदा, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालची व्यक्ती करार करू शकत नाही, त्यामुळे मुलाची सही कागदावरची रेघ ठरते. पालकाची सही असली तरी तिने आयोजकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. पालकांचे संमतिपत्र घ्यावे ते दुसऱ्या कारणासाठी : मूल कुठे आहे हे घरी माहीत असावे, फोन नंबर हाताशी असावा आणि दमा, फिट किंवा ॲलर्जी असेल तर आधी कळावे.

घरी जायचे कसे?

कार्यक्रम दुपारी चारला सुरू करून साडेसातला संपवणे शहाणपणाचे. दानापूर, अडगावकडची मुले आली असतील तर शेवटची एसटी गाठता आली पाहिजे. नाही तर ती वडिलांची मोटरसायकल घेऊन, एकीवर तिघे बसून येतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आयोजकाने दाराशी दुचाक्या लावूच देऊ नयेत. संपण्याच्या अर्धा तास आधी संगीत हळूहळू उतरवावे, दिवे पूर्ण लावावेत आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे कोण न्यायला आले त्याची सही घ्यावी. शेवटचे मूल गेल्याशिवाय साऊंडवाल्याचा हिशेब करू नये.