फोनची काच आणि आपली धूळ

नवा मोबाइल घ्यायला गेलं, की बिल होण्याआधीच दुकानदार विचारतो, ‘काच टाकून देऊ का?’ ही काच म्हणजे फोनच्या काचेवर चिकटवायची दुसरी काच. कुणी तिला टेम्पर म्हणतं, कुणी गार्ड म्हणतं. नवी पेठेतल्या कोणत्याही मोबाइलच्या दुकानात अर्धा तास उभं राहा, हा प्रश्न दहादा कानांवर येईल. गिऱ्हाइकांत दोन तट असतात. एक म्हणतो, कंपनीनं एवढी मजबूत काच दिली आहे, तिच्यावर पुन्हा काच कशाला? दुसरा काच बसवल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. दोघांचंही म्हणणं अर्धं अर्धं बरोबर आहे.

प्रश्न शे-दीडशे रुपयांचा दिसतो, पण तेवढाच नाही. आज पैसे पाठवणं, गॅस नोंदवणं, सातबारा पाहणं, मुलांचा अभ्यास, सगळं या एका काचेमागे आहे. बहुतेक स्मार्टफोनमध्ये वरची काच आणि आतला पडदा एकमेकांना चिकटवलेले असतात. त्यामुळे काच फुटली की बहुधा सगळा जोडच बदलावा लागतो आणि त्याचा खर्च ऐकून माणूस नवा फोन घ्यायच्या विचाराला लागतो. आठवड्याच्या पगारावर घर चालवणाऱ्याला हा फटका लहान नाही. म्हणून तीन गोष्टी समजून घेऊ या. ओरखडा कशानं पडतो, ओरखड्यानं नेमकं काय बिघडतं आणि वरून लावलेली काच त्यात काय करते.

ओरखड्याचा नियम साधा आहे. कठीण वस्तू मऊ वस्तूवर ओरखडा पाडते, मऊ वस्तू कठीण वस्तूवर पाडू शकत नाही. फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली याच नियमावर खनिजांची दहा पायऱ्यांची एक शिडी मांडली. सर्वांत खाली १ वर शंखजिरं, ३ वर कॅल्साइट, ७ वर क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, ९ वर माणिक-नीलमाचं कुरुंद आणि १० वर हिरा. आपलं नख अडीचच्या आसपास येतं. खिडकीची साधी काच साडेपाचच्या आसपास. फोनची काच तिच्याहून थोडी वर. पण साधारणपणे ६ च्या पायरीवर तिच्यावर बारीक रेघा दिसू लागतात आणि ७ च्या पायरीवर त्या खोल जातात.

आता खिशात काय काय असतं ते पाहा. पितळेची किल्ली काचेपेक्षा मऊ. आपली नाणीही काचेपेक्षा मऊ. मी हे एका बंद पडलेल्या फोनवर करून पाहिलं. रुपयाचं नाणं जोरानं घासलं, तर काचेवर करडी रेघ उमटली. ओल्या कापडानं पुसली आणि ती गेली. काच कापली गेलीच नव्हती, नाण्याचाच धातू काचेला लागला होता. मग नदीच्या वाळूचे चार दाणे काचेवर ठेवले आणि बोटानं दाबून फिरवले. ती रेघ अजून तशीच आहे. म्हणजे आपण ज्यांना घाबरतो त्या किल्ल्या-नाण्यांपेक्षा, खिशाच्या शिवणीत बसलेला आणि डोळ्यांना न दिसणारा वाळूचा कण फोनचा खरा वैरी आहे.

इथे आपल्या सोलापूरचा संबंध येतो. आपण ज्या जमिनीवर राहतो ती दख्खनच्या काळ्या पाषाणाची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन तयार झालेली. या पाषाणातली मुख्य खनिजं मोसच्या शिडीवर ५ ते ६ च्या घरात येतात, म्हणजे काचेच्या अगदी काठावर. पाषाणाच्या पोकळ्यांमध्ये गारगोट्या आणि अकीक सापडतात, ते ७ च्या आसपास. हाच दगड झिजून आपली काळी माती झाली आणि तोच भीमा-सीनेच्या पात्रात वाळू होऊन उतरला. काळ्या मातीतला चिकण भाग फार मऊ असतो, तो काचेचं काही बिघडवत नाही. पण त्यात मिसळलेले दगडाचे आणि गारेचे बारीक कण बिघडवतात. त्यात आता ठिकठिकाणी बांधकामं चालू आहेत. खडी फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचे कण ताजे फुटलेले, टोकदार असतात. नदीच्या वाळूसारखी त्यांची धार पाण्यानं झिजलेली नसते. एप्रिल-मे महिन्यांत वावटळ उठली, की हा सगळा फुफाटा घरात, कपड्यांत आणि खिशात येतो.

पंढरपूरच्या वाळवंटाचंच पाहा ना. चंद्रभागेत स्नान करून भाविक वर येतो आणि सदऱ्याच्या खिशात फोन ठेवतो. खिशात बुक्का सांडला असेल तर काचेला काही होत नाही, तो मऊ आहे. पण वाळवंटातल्या वाळूचे दोन कण खिशात गेले असतील, तर पुढच्या मुक्कामापर्यंत चालताना प्रत्येक पावलागणिक ते काचेवर घासले जाणार. यंत्रमागाच्या शेडमध्ये उडणारे कापसाचे तंतूही काचेला ओरखडा पाडत नाहीत. शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीची, म्हणजे काचेपेक्षा मऊ. तिच्यावर फोन पालथा ठेवला तर फरशी काही करत नाही, फरशीवरची कचकच करते.

फोनवर मुळात काच आली कशी, तेही पाहू. सुरुवातीच्या बहुतेक मोबाइलचे पडदे प्लॅस्टिकचे होते. खिशात चार महिने राहिले की ते पांढुरके होत. २००७ च्या जानेवारीत ॲपल कंपनीनं आपला पहिला आयफोन जगाला दाखवला, तेव्हा नमुन्याच्या फोनवरही प्लॅस्टिकच होतं. स्टीव्ह जॉब्झ तो फोन खिशात किल्ल्यांबरोबर बाळगत आणि त्याच्यावर ओरखडे उठले. काचेवर न चालणारी किल्ली प्लॅस्टिकवर चालते, कारण प्लॅस्टिक या शिडीवर बरंच खाली आहे. जॉब्झ यांनी काचेचा हट्ट धरला आणि जूनअखेर फोन बाजारात आला तो काच लावूनच. ही काच अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीची. अशा मजबूत काचेवर तिनं १९६० च्या दशकातच काम केलं होतं, पण तेव्हा तिला म्हणावं तसं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. पुढे तीच काच गोरिला ग्लास या नावानं घराघरांत पोहोचली.

या काचेची मजबुती कुठून येते? काचेत सोडियमचे अणू विद्युतभारित रूपात असतात. सुमारे ४०० अंश तापमानाला वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात ही काच बुडवून ठेवतात. सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण शिरतात. गच्च भरलेल्या एसटीतून दोन पोरं उतरावीत आणि त्यांच्या जागी दोन पैलवान चढावेत, तसा हा प्रकार. पृष्ठभागाजवळ सगळे एकमेकांना रेटू लागतात. काचेच्या कातडीत हा दाब कायमचा बसतो आणि तडा उघडू पाहत असेल तर त्याला दाबून धरतो. पण हा थर फार पातळ असतो, बऱ्याचदा माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, या दाबानं काच पडझड सोसायला शिकते, ती गारगोटीहून कठीण होत नाही. काच न फुटणं हा एक गुण आणि काचेवर ओरखडा न पडणं हा दुसरा. जाहिरातीत ‘मजबूत’ या एका शब्दात दोन्ही बसवतात, तिथेच आपला गोंधळ होतो.

मग कुणी म्हणेल, ओरखडा पडला तर पडू दे, फोन तर चालतोय ना? बारीक रेघा असतील तर हे खरं आहे. पण खोल ओरखड्याचं काम निराळं. काचवाल्याकडे तसबिरीची काच कापायला द्या. तो काच आरपार कापत नाही. हिरकणीनं वरवर एक रेघ ओढतो, दोन्ही बाजूंनी जरा दाबतो आणि काच त्या रेघेवर टक्कन दुभंगते. कारण ताण सगळ्या काचेत सारखा न वाटला जाता त्या रेघेच्या टोकाशी एकवटतो. इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ या अभियंत्यानं १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचं गणित मांडलं. काच हिशेबानं जेवढी बळकट असायला हवी तेवढी ती प्रत्यक्षात नसते, याचं कारण त्यानं तिच्या अंगावरच्या बारीक चिरांमध्ये शोधलं. फोनच्या काचेतही हेच होतं. ओरखडा त्या दाबाच्या थरातच थांबला, तर दाब त्याला मिटवून धरतो. टोकदार खड्यानं तो थर ओलांडला, की पलीकडे काच आधीच ताणलेली असते. मग पुढच्या वेळी फोन गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडला तरी फुटतो आणि आपण म्हणतो, ‘एवढ्याशानं कसा फुटला?’ तो एवढ्याशानं फुटलेला नसतो, त्याची तयारी आधीच झालेली असते.

आता दुकानातल्या काचेकडे वळू. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘९एच’ लिहिलेलं असतं. पुष्कळांना वाटतं, हा मोसच्या शिडीवरचा ९, म्हणजे नीलमाएवढी कठीण काच. तसं अजिबात नाही. हा ‘एच’ पेन्सिलीचा आहे. शाळेत चित्रकलेला आपण एचबी, २बी, २एच पेन्सिली वापरतो, त्याच मालिकेतली सर्वांत कठीण पेन्सिल म्हणजे ९एच. रंगाचा किंवा लेपाचा थर किती टणक आहे हे तपासायला ती ठरावीक वजन देऊन तिरकी ओढतात. ओरखडा उठला नाही, तर तो थर ९एच. या परीक्षेत आपल्या खिडकीची साधी काचसुद्धा उत्तीर्ण होईल, कारण पेन्सिलीचं शिसं काचेपेक्षा पुष्कळ मऊ असतं. ‘५डी’, ‘११डी’ या आकड्यांना तर कोणत्याही मोजमापाचा आधार नाही, ती नुसती विक्रीची नावं आहेत.

मग ही काच करते तरी काय? ती आपल्या फोनच्या काचेहून कठीण नसते, बऱ्याचदा थोडी कमीच असते. वाळूचा कण तिच्यावरही ओरखडा पाडणारच. पण तो तिच्यावर पडतो आणि खालची काच वाचते. जूनमध्ये शाळा सुरू झाली, की आपण मुलांच्या पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घालतो. तो कागद पुस्तकाच्या पुठ्ठ्याहून भक्कम नसतो. तो मळतो, फाटतो, दिवाळीनंतर आपण तो बदलतो आणि पुस्तक वर्षभर टिकतं. फोनवरची काच हे असं कव्हर आहे. हे लक्षात घेतलं की महागड्या काचेचा मोह आपोआप कमी होतो. बदलण्यासाठीच असलेली वस्तू बेताच्या किमतीची असलेली बरी.

फोन पडल्यावर ही काच किती वाचवते? खाली टोकदार खडा असेल, तर त्याचा पहिला घाव ती स्वतःवर घेते, एवढं नक्की. पण फोन कोपऱ्यावर पडला किंवा वाकला, तर वरच्या काचेचा फारसा उपयोग होत नाही. तिथे कडा उंच असलेलं जाड कव्हर अधिक कामाचं. म्हणून ओरखड्यासाठी काच आणि पडण्यासाठी कव्हर, अशी वाटणी मनात पक्की ठेवावी. पातळ प्लॅस्टिकचा कागद ओरखडे झेलतो, पण धक्का जवळजवळ झेलत नाही.

काही फोनच्या बाबतीत जपून राहावं. पडद्याखालीच बोटाचा ठसा ओळखणारे फोन जाड काच लावली की अडखळतात. काच लावल्यावर ठसा पुन्हा नोंदवावा. कडा वळलेल्या पडद्यावर सपाट काच नीट बसत नाही, कडेनं हवा आणि धूळ शिरते. पातळ गोंद ओतून, जांभळ्या दिव्याखाली सुकवून बसवायच्या काचेत गोंद कानाच्या जाळीत किंवा बटणात उतरण्याचा धोका असतो, काही कंपन्यांनी तसा इशाराही दिला आहे. आणि घडीच्या फोनवर कंपनीनं जो थर बसवून दिलेला असतो तो पडद्याचाच भाग असतो, तो कधीही सोलू नये.

ओरखडा पडल्यावर टूथपेस्ट चोळण्याचा उपाय घरोघरी सांगितला जातो. टूथपेस्टमधली भुकटी दातांसाठी असते, काचेतला चर ती भरून काढत नाही. उलट बोटांचे डाग बसू नयेत म्हणून काचेवर दिलेला अतिशय पातळ लेप मात्र त्यानं झिजतो. पुसण्याची रीतही सांभाळायला हवी. आपले सोलापुरी टॉवेल कितीही मऊ असले, तरी धूळ बसलेली काच कोरड्या टॉवेलनं खसाखसा पुसली तर ओरखडे धूळच पाडते. आधी फुंकर घालून कण उडवावेत, मग किंचित ओलसर मऊ कापड हलक्या हातानं फिरवावं. फोनचा खिसा वेगळा ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तो उलटा करून झटकावा. यासारखा फुकटचा उपाय नाही.

मग काच लावावी की नाही? ज्याचा दिवस टेबलाशी जातो, ज्याचा फोन स्वच्छ खिशातून स्वच्छ टेबलावर येतो आणि ज्याला चार बारीक रेघा खुपत नाहीत, त्यानं नाही लावली तरी चालेल. पण शेतात, बांधकामावर, रिक्षात, दुचाकीवर, बाजारात ज्याचा वावर आहे, त्यानं लावावी. सोलापूर जिल्ह्यात अशांचीच संख्या मोठी. साधी, कडेपर्यंत नीट बसणारी काच घ्यावी. तिच्यावर तडा गेला, की ‘आतली शाबूत आहे ना’ म्हणून महिनोन् महिने तशीच ठेवू नये. फुटलेल्या काचेची कुसळं बोटात जातात आणि फटीतून शिरलेली धूळ खालच्या काचेवर बसते. तिनं आपलं काम केलेलं असतं. ती काढावी आणि शे-दीडशे रुपये देऊन दुसरी बसवावी.