गोड्या पाण्याची आंघोळ

पारनेर तालुक्यातल्या कान्हूर पठारावर वळवाची जोरदार सर येऊन गेली की पाण्याला दोन वाटा फुटतात. उत्तरेकडच्या उतारावरचं पाणी मुळेत जातं, मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा टोक्याला गोदावरीत शिरते. दुसऱ्या अंगाने घरंगळलेलं पाणी कुकडी-घोडच्या वाटेने भीमेला आणि पुढे कृष्णेला जाऊन मिळतं. हरिश्चंद्रगडाकडून बालाघाटाकडे जाणारी डोंगररांग पारनेर तालुक्यातून जाते, म्हणून ही वाटणी होते. दोन्ही वाटा शेवटी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला पोहोचतात. त्यातल्या गोदावरीच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ, कोरिंगा नावाचं मोठं कांदळवन आहे. 1978 साली ते अभयारण्य झालं. तिथल्या चिखलात, खारफुटीच्या मुळांमधून फिरणारा एक प्राणी या लेखाचा विषय आहे: पाणमांजर.

नावात मांजर असलं तरी मांजराच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे त्याला ऊदही म्हणतात. उदमांजर मात्र वेगळं, ते झाडांवर चढणारं निशाचर जनावर. या दोघांची वर्तमानपत्रांतसुद्धा सारखी गल्लत होते. गंमत अशी की दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या किनाऱ्यावर, तिथल्या पाणमांजराला कोळी लोक 'गातो मारिनो' म्हणतात, म्हणजे समुद्रातलं मांजर! पृथ्वीच्या दोन टोकांना माणसांना या प्राण्यात मांजरच दिसलं. चिलीचे निसर्ग-अभ्यासक हुआन इग्नासियो मोलिना यांनी 1782 साली त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यातही 'फेलिना', म्हणजे मांजरासारखी, आहेच.

या समुद्री पाणमांजराचं घर फार अरुंद आहे. पेरूपासून थेट खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत हजारो किलोमीटर लांब, पण रुंदीला जमिनीवर जेमतेम 30 मीटर आणि पाण्यात शे-दीडशे मीटर. तीन ते पाच किलोंचा हा जीव लाटांचा मारा झेलणाऱ्या खडकांत राहतो. निघोजच्या कुंडावर उभं राहून कुकडीने गोटे फिरवून फिरवून बेसाल्टात कोरलेले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना खडकातल्या अशा कपारींची, पोकळ्यांची नक्षी डोळ्यांपुढे आणायला अवघड नाही. तिथे ती लाटांची असते, एवढंच. अशा कपारीत पिल्लं वाढतात, अंग वाळतं, आणि दोन हातांवर खेकडे, मासे असतात. मध्ये लांबलचक वाळूचा किनारा आला की या प्राण्याची वस्ती तुटते. आसरा नाही, म्हणून तो सहसा तिथून पलीकडे जात नाही. त्यामुळे एवढ्या लांब किनाऱ्यावरही त्याची वस्ती तुकड्यातुकड्यांनी आहे, आणि जगाच्या यादीत तो धोक्यातला प्राणी आहे.

असं काठाला चिकटून राहणं त्याच्या कातड्यातच लिहिलेलं आहे. देवमासा किंवा सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. पाणमांजराकडे तो नाही. त्याची सगळी भिस्त केसांवर. वरचे केस लांब, राठ. त्यांच्या मुळाशी बारीक, दाट लोकर. त्या लोकरीत हवा अडकते आणि पाणी कातडीपर्यंत पोहोचतच नाही. पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं, म्हणजे हा हवेचा थर गेला की प्राणी गारठलाच. ओल्या पाणमांजराचे वरचे केस टोकदार बटांसारखे एकमेकांना चिकटतात, पण त्या बटा बाजूला सारल्या तर आतली लोकर कोरडी असते.

या लोकरीचा शत्रू आहे मीठ. खाऱ्या पाण्यात पोहून बाहेर आल्यावर केसांत मीठ साचतं, केस एकमेकांना चिकटतात आणि हवा धरेनासे होतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी 1980च्या दशकात पाणमांजरांचा बारकाईने अभ्यास केला. ती पाणमांजरं मासे धरायला समुद्रात जात, पण त्यांची बिळं गोड्या पाण्याच्या डबक्यांजवळ असत, काही बिळांच्या आतच गोडं पाणी असे. शिकार झाली की ती तिथे अंग धूत. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. समुद्रात शिकार करणाऱ्या या पाणमांजरालाही वरून येणारं गोडं पाणी रोज लागतं, आणि ते नसेल तर मासे कितीही असोत, तो किनारा त्याच्या कामाचा नाही.

आपल्या देशात पाणमांजरांच्या तीन जाती आहेत. किनाऱ्यावर दिसते ती मुख्यतः गुळगुळीत कातडीची, सात ते अकरा किलोंची, चपट्या शेपटीची. ती निव्वळ समुद्री नाही. दख्खनच्या निमकोरड्या पठारावरच्या नद्यांपासून खाडीच्या चिखलापर्यंत कुठेही राहू शकते. कोकणात सिंधुदुर्गच्या खाड्यांत ती आहे, गोव्यात चोडण बेटाच्या परिसरातल्या खाजणांत आहे. तिथे बांधावरून चालताना तिचा माग काढता येतो. सगळं कुटुंब एकाच ठरलेल्या जागी विष्ठा करतं. माशांचे खवले आणि चिंबोऱ्यांच्या कवचांचे लालसर तुकडे उन्हात चमकतात आणि उग्र मासळीचा वास येतो. येणाऱ्या-जाणाऱ्या पाणमांजरांसाठी ती निशाणी असते: ही जागा आमची, इथे कोण कोण येऊन गेलं. संशोधकांनाही प्रत्यक्ष प्राणी क्वचितच दिसतो. त्यांचं काम बहुतेक या खवल्यांवरच चालतं.

शिकारही मिळून. सात-आठ जणांचा कळप रांग धरून पोहतो आणि बोयींचा थवा उथळ पाण्याकडे रेटतो. बांगलादेशातल्या कोळ्यांनी हीच सवय कामाला लावली: पाळलेली पाणमांजरं मासे हाकून जाळ्यात आणतात. आपल्या खाड्यांत उलट नातं आहे. जाळी फाटतात, मत्स्यतळ्यांतली कोळंबी जाते, आणि कोळ्याच्या तोंडून शिवी निघते. त्याचं नुकसान खरं आहे आणि त्याला भरपाई मिळायला हवी, असं माझं मत आहे. नुसत्या कायद्याच्या धाकाने कुणी शेजारी सांभाळत नाही. पाणमांजरं खाडीत आहेत याचा अर्थ तिथे मासे आहेत, हेही तोच कोळी सगळ्यांत आधी जाणतो. कातडीसाठी होणारी चोरटी शिकार आणि पिल्लं पाळण्याचा धंदा यांमुळे 2019 साली या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

आता पुन्हा आपल्या नदीकडे. पोहून आलेलं पाणमांजर अंग कोरडं कसं करतं? वाळूत लोळून. नदीकाठची मोकळी, कोरडी वाळू हा त्याचा टॉवेल. ती वाळू वरून वाहून येते, आणि आपण नद्यांमधून ती ट्रक भरभरून उपसतो. धरणांमागे गाळही अडतो. मुळा धरण आहे, जायकवाडी आहे, पुढेही धरणं आहेत. किनाऱ्यापर्यंत गाळ कमी पोहोचल्यामुळे गोदावरी-कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशाची काही ठिकाणी समुद्राकडून धूप होते आहे. ज्या चिखलात खारफुटी रुजते, तोच चिखल तुटतो. धरणं नकोत असं मी म्हणणार नाही. मी दुष्काळी तालुक्यातला आहे, टँकरच्या रांगा मला ठाऊक आहेत. पण राळेगणसिद्धीने नालाबांध आणि पाझर तलाव बांधून पाणी जिरवायला शिकवलं, ती रीत पाणमांजरांच्या नद्यांनाही लागू पडते. जिरलेलं पाणी झऱ्याने हळूहळू परत नदीत येतं, पाऊस संपल्यावरही काही काळ येत राहतं. नदी वाहती ठेवायची तर असंच संथ पाणी लागतं.

कोरिंग्यात ओहोटी लागली की खारफुटीतून ओहोळ उघडे पडतात. मऊ चिखलावर पाच बोटांचे ठसे उमटलेले असतात, बोटांमधल्या पडद्याची पुसट कडही दिसते, आणि मधून शेपूट ओढल्याची एक रेघ. ठसे खाडीच्या तोंडाकडून येतात, आणि कमी खारट पाणी जिथून येतं त्या अंगाला वळतात.