लिप फिलरनंतरची सूज : कोणती साधी, कोणती धोक्याची?

जुलै 2025 मध्ये उर्फी जावेदने ओठांतलं जुनं फिलर विरघळवून घेतलं आणि त्याचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. सुजून टम्म झालेल्या त्या ओठांचे मीम्स झाले, अनेकांनी धसकाही घेतला. पण विरघळवणाऱ्या इंजेक्शननंतर अशी सूज येऊ शकते आणि सहसा ती काही दिवसांत उतरते. फिलर भरल्यानंतरही साधारण हेच होतं. दिसायला भयंकर असलेली सूज बहुतेक वेळा साधी असते. खरा धोका असतो तेव्हा मात्र ओठ फारसे सुजलेले नसण्याचीही शक्यता असते.

ओठांत नेमकं काय भरतात?

बहुतेक लिप फिलर म्हणजे हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं जेल. हा पदार्थ शरीरातही असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. त्यामुळे सुईच्या जखमांची सूज आणि जेलने ओढलेलं पाणी यांची भर पडून पहिल्या एक-दोन दिवसांत ओठ हवे होते त्यापेक्षा बरेच मोठे दिसतात. एक बाजू जास्त, दुसरी कमी, असंही होतं. सूज एक ते दोन आठवड्यांत उतरते, काळेनिळे डागही तेवढ्यात पिवळे पडून जातात. खरा आकार कळायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्याच दिवशी ‘एका बाजूला अजून थोडं भरा’ म्हणून पुन्हा क्लिनिक गाठण्यात अर्थ नसतो.

डॉक्टरांना तातडीने कधी गाठायचं?

वरच्या आणि खालच्या ओठातून एकेक रक्तवाहिनी आडवी जाते. जेल तिच्यात शिरलं किंवा बाहेरून तिच्यावर दाब आला, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. असं क्वचितच होतं, पण वेळेत उपचार झाले नाहीत तर तिथली त्वचा मरते आणि कायमचा व्रण राहतो.

अशा वेळी त्वचा आधी पांढरीफटक पडते, नंतर तिच्यावर जाळीसारखे निळे-जांभळे पट्टे उमटतात. तो भाग गार लागतो. बऱ्याचदा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जातं. मात्र अनेक फिलरमध्ये बधिर करणारं लिडोकेन मिसळलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीचे काही तास दुखलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही. लक्षणं ओठापासून दूर, नाकाच्या बाजूला किंवा हनुवटीवरही दिसू शकतात, कारण रक्तवाहिनी तिथपर्यंत जोडलेली असते. दोन-तीन दिवसांनी तिथे पुटकुळ्या येतात आणि त्या मुरूम समजून क्रीम लावली जाते. यात मोलाचा वेळ जातो.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. त्वचा बोटाने काही सेकंद दाबून सोडायची. पांढरी पडलेली जागा साधारण दोन सेकंदांत पूर्ववत व्हायला हवी. सावळ्या त्वचेवर हा फरक पटकन दिसत नाही, म्हणून ओठाची आतली ओली बाजूही पाहावी. रंग परत यायला वेळ लागत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट पाहू नये. फिलर भरणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा, ते भेटले नाहीत तर मोठं रुग्णालय गाठावं. या अवस्थेत बर्फ लावू नये, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

यावरचा उपचार म्हणजे हायल्युरोनिडेज हे जेल विरघळवणारं इंजेक्शन. ते जितक्या लवकर मिळेल, तितकी त्वचा वाचण्याची शक्यता जास्त. म्हणून फिलर घेण्याआधीच ‘हे इंजेक्शन तुमच्याकडे आत्ता आहे का?’ हा प्रश्न विचारायला हवा.

नजर अंधुक होणं, जीभ सुजणं, श्वास लागणं यांपैकी काहीही झालं, तर थेट आपत्कालीन विभागात जावं.

बाकी काळजी

ती तशी सोपी आहे. साधी सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ, न दाबता लावावा. पहिल्या दोन रात्री उशी उंच घेऊन उताणं झोपावं. ओठ बधिर असेपर्यंत वाफाळता चहा नको, भाजल्याचंही कळत नाही. जिम, मद्य आणि वाफ घेणं एक-दोन दिवस बंद. निदान एक दिवस लिपस्टिक नको आणि सुईच्या ताज्या भोकांवर हळदही नको. दुखलं तर सहसा पॅरासिटामॉल पुरतं. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने काळेनिळे डाग वाढू शकतात. पण हृदयविकारासाठी सुरू असलेली अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. ओठांवर पूर्वी पाण्याचे फोड येऊन गेले असतील तर ते आधीच सांगावं, सुई टोचल्याने ते पुन्हा उठू शकतात आणि त्यावर आधीच औषध देता येतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गाठी चोळू नयेत. अप्परलिपचं थ्रेडिंग, फेशियल आणि दातांची कामं दोन आठवडे पुढे ढकलावीत. लग्न ठरलेल्या मुलींनी हा हिशेब आधीच करावा : हळदीच्या आठवड्यात फिलर घेतलं, तर अल्बममध्ये सूजच येईल.

सुईशिवाय, दाबाने जेल आत सोडणाऱ्या ‘हायल्युरॉन पेन’चे रील्सही खूप फिरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर 2021 मध्येच ही उपकरणं वापरू नका, असा इशारा दिला आहे. त्यात जेल किती आणि कुठे जातं यावर पुरेसं नियंत्रण राहत नाही. क्लिनिकमध्ये फिलर घेतलं तरी त्याच्या खोक्यावरचं नाव आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर मागून जपून ठेवावं. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर आत काय भरलं आहे हे त्यावरूनच कळतं. हायल्युरोनिडेजने फक्त हायल्युरोनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळतं, सिलिकॉन विरघळत नाही.